सोळाव्या वर्षी सही, मग लांबचा रस्ता: बेसबॉलमधले तरुण खेळाडू समजून घेताना

अमेरिकेत नव्यानं राहायला गेलेली मराठी कुटुंबं असोत, नाहीतर इथे बसून पहाटे साडेचारला मेजर लीगचा सामना लावणारे क्रिकेटवेडे असोत, बेसबॉलचे मैदानावरचे नियम दोन-चार सामन्यांत उमगतात. गाडी अडते ती मैदानाबाहेरच्या बातम्यांपाशी. जानेवारीत बातमी येते की अमुक संघानं डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सोळा वर्षांच्या मुलाला वीस लाख डॉलर दिले. आपण नाव लक्षात ठेवतो. एप्रिलमध्ये हंगाम सुरू होतो आणि त्या मुलाचा कुठे पत्ताच नसतो. पुढच्या वर्षीही नसतो. आयपीएलमध्ये वैभव सूर्यवंशीवर तेराव्या वर्षी बोली लागली आणि चौदाव्या वर्षी त्यानं शतक ठोकलं. बेसबॉलमध्ये असा मुलगा अजून सरावाच्या मैदानावरच असता. तिथे सही आणि पदार्पण यांच्यामध्ये चार, सहा, कधी आठ वर्षं जातात आणि सही केलेल्यांपैकी बहुतेक जण वरपर्यंत पोहोचतच नाहीत.

ही मधली वर्षं कशी वाचायची ते सांगण्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगतो. संघानं कुणाला घेतलं यावर लगेच टाळ्या वाजवू नका. घेतल्यानंतर तो मुलगा कोणत्या वयात कुठपर्यंत पोहोचला आणि त्याच्या खेळात काय बदललं, तिकडे लक्ष ठेवा.

पहिला टप्पा: एकच संघ धरा

मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येकाकडे दोनशेच्या आसपास तरुण खेळाडू कराराखाली असतात. पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या मागे लागलात तर हाती काही लागणार नाही. तुम्ही राहता त्या शहराजवळचा संघ धरा. भारतातून बघत असाल तर जो आवडेल तो धरा.

या लेखात मी पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ धरून चालणार आहे. पिट्सबर्ग हे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारखं मोठं शहर नाही. तयार झालेले महागडे खेळाडू विकत घेण्याची या संघाची रीत नाही, त्यामुळे त्याला स्वतःच माणसं घडवावी लागतात. त्यात त्याला यशही आलं आहे आणि सपाटून मारही खावा लागला आहे. शिकायला असा संघ चांगला. शिवाय भारतात जन्मलेल्या पहिल्या दोन व्यावसायिक बेसबॉलपटूंना याच संघानं करार दिला.

दुसरा टप्पा: खेळाडू कोणत्या दारातून आला ते बघा

कोणत्याही तरुण खेळाडूचं नाव दिसलं की आधी हे विचारा की तो ड्राफ्टमधून, म्हणजे संघ दरवर्षी आळीपाळीनं खेळाडू निवडतात त्या निवडीतून आला, परदेशातून थेट करार करून आला, की दुसऱ्या संघाकडून अदलाबदलीत आला. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोसारखे अमेरिकी प्रदेश इथल्या मुलांना ड्राफ्टमधूनच यावं लागतं. बाकी जगातली मुलं कोणत्याही संघाशी थेट करार करू शकतात. या दोन दारांचे नियम, पैसा आणि वय, तिन्ही निराळे आहेत.

तिसरा टप्पा: ड्राफ्टमध्ये फेरी नव्हे, बोनस वाचा

ड्राफ्ट १९६५ साली सुरू झाला. त्याआधी ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या घरात खेळाडू, असा मामला होता. आता दर जुलैमध्ये वीस फेऱ्या होतात आणि संघ आळीपाळीनं खेळाडूंवर हक्क सांगतात. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्यांना आधी संधी मिळते. मात्र कुणी मुद्दाम हरू नये म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागा लॉटरीनं ठरतात. त्या पहिल्याच लॉटरीत पायरेट्सचा नंबर लागला आणि त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पिचर पॉल स्कीन्स याला घेतलं. त्याचा सहीचा बोनस ९२ लाख डॉलर होता, ड्राफ्टमध्ये तोवर कुणालाही मिळालेला सर्वांत मोठा.

शाळा संपवून कॉलेजात न गेलेला मुलगा ड्राफ्टला पात्र असतो. चार वर्षांच्या कॉलेजात एकदा पाऊल टाकलं की तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा वय एकवीस होईपर्यंत थांबावं लागतं. शाळकरी खेळाडूची सगळी ताकद या नियमात आहे. 'एवढे पैसे द्या, नाहीतर मी कॉलेजात चाललो,' असं तो म्हणू शकतो, आणि खरोखर जातोही. गेरिट कोलला २००८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनं पहिल्या फेरीत घेतलं होतं. त्यानं सही केली नाही, तो यूसीएलएला गेला. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, पायरेट्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि ८० लाख डॉलर दिले.

पायरेट्सचा तो २०११ चा ड्राफ्ट नवख्यानं मुद्दाम अभ्यासावा. त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत त्यांनी टेक्ससचा शाळकरी खेळाडू जॉश बेल याला घेतलं. मला कॉलेजातच जायचं आहे, माझ्यावर जागा खर्च करू नका, असं त्यानं संघांना लेखी कळवलेलं होतं. पायरेट्सनं त्याला ५० लाख डॉलर देऊ केले आणि त्याचा बेत बदलला. पाचव्या फेरीत टायलर ग्लासनाउ नावाचा उंच शाळकरी पिचर मिळाला. त्या एका ड्राफ्टवर पायरेट्सनं सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले. गरीब संघाला श्रीमंतांशी टक्कर देण्याचा एक रस्ता सापडला होता. मेजर लीगनं तो लगेच बंद केला.

२०१२ पासून प्रत्येक संघाला ड्राफ्टसाठी ठरावीक रकमेची थैली मिळते. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला एक किंमत लावलेली असते, त्यांची बेरीज म्हणजे ती थैली. ती थोडी ओलांडली तर कर, आणि पाच टक्क्यांहून जास्त ओलांडली तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली जागा जाते. म्हणून संघ त्या रेषेच्या अलीकडेच थांबतात. या नियमाचा पहिला फटकाही पायरेट्सलाच बसला. २०१२ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डचा पिचर मार्क अपेल याला आठव्या क्रमांकावर घेतलं आणि ३८ लाख डॉलर देऊ केले. अपेल नाही म्हणाला. थैलीच्या दोऱ्या आवळलेल्या असल्यानं संघाला फार वर सरकता आलं नाही. अपेल कॉलेजात परतला आणि पुढच्या वर्षी ह्यूस्टननं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, पण मेजर लीगच्या मैदानावर तो २०२२ मध्ये, फिलाडेल्फियाकडून उतरला. इकडे पायरेट्सना सही न झाल्याची भरपाई म्हणून २०१३ मध्ये नववी जागा मिळाली. तिच्यावर त्यांनी ऑस्टिन मेडोजला घेतलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेरीच्या क्रमांकाला भुलू नका ते यासाठी. संघ पहिल्या जागेवर थोडा स्वस्तात मिळणारा खेळाडू घेतात आणि वाचलेल्या पैशांतून तिसऱ्या-चौथ्या फेरीत एखाद्या शाळकरी मुलाला कॉलेजपासून फोडतात. २०२५ मध्ये वॉशिंग्टननं पहिल्या क्रमांकावर सतरा वर्षांच्या इलाय विलिट्सला घेतलं. जागेची ठरलेली किंमत १ कोटी १० लाख डॉलरहून अधिक होती, त्याला दिले ८२ लाख. चौथ्या फेरीतल्या कुणाला वीस लाख मिळालेले दिसले, तर संघ त्याला पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या तोलाचा मानतो हे समजा. उलट दहाव्या फेरीत दहा हजार डॉलरवर सही करणारा कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला खेळाडू बऱ्याचदा पैसे वाचवण्यासाठी घेतलेला असतो. तरीही अशांतून कुणी वर येतो, आणि खालच्या फेऱ्यांतून तर महान खेळाडूही आले आहेत. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

निवड झाली, रक्कम ठरली, तरी वैद्यकीय तपासणी बाकी असते. पिचरच्या बाबतीत ती जीवघेणी ठरू शकते. आईकडून भारतीय वंशाचा असलेला कुमार रॉकर हे त्याचं ठळक उदाहरण. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं, ६० लाख डॉलरवर बोलणी झाली, पण त्याच्या हाताचे तपासणी अहवाल बघून संघानं करारच केला नाही. रॉकरवर खांद्याची शस्त्रक्रिया झाली, मग एका स्वतंत्र लीगमध्ये तो काही सामने खेळला. पुढच्या वर्षी टेक्सस रेंजर्सनं त्याला थेट तिसऱ्या क्रमांकावर उचललं. नंतर कोपराचीही शस्त्रक्रिया झाली. या सगळ्यातून जाऊन सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. त्याच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चौथा टप्पा: परदेशी करारांच्या बातम्या सावधपणे वाचा

या दारातून येणारे बहुतेक डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलामधले असतात. करारांचं वर्ष १५ जानेवारीला सुरू होतं आणि १५ डिसेंबरला संपतं. सही करताना मुलगा किमान सोळा वर्षांचा हवा. इथेही प्रत्येक संघाला थैली आहे, अलीकडच्या वर्षांत साधारण ५० ते ७५ लाख डॉलरची, आणि ती ओलांडता येत नाही.

कागदावर हे एवढंच. प्रत्यक्षात १५ जानेवारीला जाहीर होणारे मोठे करार आधीच तोंडी ठरलेले असतात, कित्येकदा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना. डॉमिनिकन गावांत बुस्कॉन नावाचे खासगी प्रशिक्षक-दलाल असतात. ते मुलाला हेरतात, जेवूखाऊ घालतात, राहायला जागा देतात, रोज सराव घेतात, आणि सही झाली की बोनसमधला मोठा वाटा घेतात. त्यांतले काही जण मुलांसाठी खरोखर झटतात. पण तेराव्या वर्षी शाळा सुटते, तोंडी शब्द मोडला तर दाद मागायची सोय नसते, आणि सोळाव्या वर्षी जास्त वेगानं चेंडू टाकून दाखवायचा म्हणून कोवळा हात पिळून काढला जातो. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. परदेशी मुलांसाठीही ड्राफ्ट आणावा की नाही यावर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २०२२ मध्ये बोलणी झाली, ती फिसकटली.

फसवाफसवी दोन्हीकडून झाली आहे. वॉशिंग्टननं २००६ मध्ये सोळा वर्षांचा समजून १४ लाख डॉलरला घेतलेला मुलगा प्रत्यक्षात वीस वर्षांचा होता आणि नावही खोटं होतं, हे २००९ मध्ये उघड झालं. उलट बाजूनं, अटलांटा ब्रेव्ह्जनं नियम डावलून केलेले करार २०१७ मध्ये लीगनं रद्द केले आणि संघाचा व्यवस्थापक जॉन कोपोलेला याच्यावर कायमची बंदी घातली. ती २०२३ मध्ये उठली.

इथे वय म्हणजे अक्षरशः पैसा आहे. जपानी पिचर योशिनोबू यामामोतो पंचवीस वर्षांचा झाल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात आला. त्याच्यावर थैलीचं बंधन नव्हतं. लॉस एंजेलिस डॉजर्सनं त्याला साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार दिला. रोकी सासाकी तेवीस वर्षांचा असताना, जानेवारी २०२५ मध्ये त्याच संघात आला. पंचविशीच्या आत असल्यामुळे नियमानुसार तो नवशिकाच धरला गेला आणि त्याला मिळाले ६५ लाख डॉलर.

मोठ्या बोनसच्या मुलांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. तुम्ही छोट्या बोनसचीही टिपून ठेवा, कारण सोळाव्या वर्षी शरीर अर्धंच घडलेलं असतं. व्हेनेझुएलाच्या होसे अल्टुवेला ह्यूस्टननं आधी फार बुटका म्हणून सराव-चाचणीतून घरी पाठवलं होतं. तो परत आला आणि २००७ मध्ये १५ हजार डॉलरवर त्याची सही झाली. दहा वर्षांनी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पायरेट्सनं २००७ मध्येच स्टार्लिंग मार्टेला ८५ हजारांत घेतलं. २०१२ च्या जुलैत तो मेजर लीगमध्ये उतरला आणि त्याला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर त्यानं होमरन मारला.

आता भारताकडे येऊ. २००८ मध्ये भारतात वेगानं चेंडू फेकणारे तरुण शोधण्यासाठी एक स्पर्धा झाली. तिच्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू निवडले गेले, अमेरिकेत काही महिने त्यांना शिकवलं गेलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पायरेट्सनं दोघांना करार दिला. दोघांनीही त्याआधी बेसबॉल खेळलेलं नव्हतं. पटेलला २०१० मध्ये संघानं सोडलं. डावखुरा रिंकू सिंग सिंगल-एपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या शिडीवरच्या एका पायरीपर्यंत चढला, मग कोपराच्या दुखापतीनं त्याची वाट अडवली. अनेकांनी ही गोष्ट अपयश म्हणून मांडली. वयाच्या विशीत नवा खेळ शिकून त्या पातळीवरच्या फलंदाजांना बाद करणं ही किती मोठी मजल आहे, ते पुढचा टप्पा वाचल्यावर कळेल.

पाचवा टप्पा: शिडी पाठ करा

सही झाली की मुलगा मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये जातो. २०२१ मध्ये या लीगची फेररचना झाली आणि मेजर लीगशी जोडलेले १२० संघ उरले, म्हणजे प्रत्येक मोठ्या संघाचे चार. पायरेट्सची शिडी अशी आहे. डॉमिनिकन मुलं आधी एल तोरो इथल्या संघाच्या अकादमीत राहतात आणि जून ते ऑगस्ट डॉमिनिकन समर लीग खेळतात. तिथे बॅटिंगबरोबर इंग्रजीचे तास होतात, राहिलेलं शालेय शिक्षणही करवून घेतलं जातं. तिथून फ्लोरिडात ब्रॅडेंटनला येऊन सरावकेंद्रावरची लीग. मग ब्रॅडेंटनचाच सिंगल-ए संघ. पुढे नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो, म्हणजे हाय-ए. मग पेनसिल्व्हेनियातलं अल्टूना, म्हणजे डबल-ए. शेवटी इंडियानापोलिस, म्हणजे ट्रिपल-ए. त्याच्यावर पिट्सबर्ग.

यातली सर्वांत मोठी उडी हाय-ए ते डबल-ए ही असते. खालच्या पातळीवर नुसत्या वेगावर फलंदाज बाद होतात, नुसत्या ताकदीवर होमरन बसतात. डबल-एमधले पिचर हव्या त्या जागी वळणारा चेंडू टाकू शकतात आणि फलंदाज वाईट चेंडू सोडून देतात. अल्टूनात टिकलेला मुलगा पिट्सबर्गात दिसण्याची शक्यता बरीच असते. ट्रिपल-एमध्ये मात्र तरुणांबरोबर वर-खाली करणारे तीस वर्षांचे अनुभवी खेळाडूही असतात, तेव्हा तिथला प्रत्येक चांगला आकडा भविष्याची ग्वाही नसतो.

या शिडीवरचं आयुष्य फार खडतर होतं. २०२२ च्या अखेरीपर्यंत सरावकेंद्रावरच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ४,८०० डॉलर होता आणि ट्रिपल-एमध्ये १७,५००. लाखो डॉलरचे बोनस मूठभरांना मिळतात. बाकीचे हिवाळ्यात नोकऱ्या करायचे, एका खोलीत पाच-सहा जण झोपायचे. २०२२ मध्ये त्यांची संघटना झाली आणि २०२३ च्या पहिल्या करारानं हे किमान आकडे अनुक्रमे १९,८०० आणि ३५,८०० वर गेले, डबल-एचा ३०,२५० झाला. राहण्याची सोयही आता संघ करतात. कित्येक वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं हे.

सहावा टप्पा: घडवणं म्हणजे नेमकं काय, ते शोधा

स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारे, खेळाडूला २० ते ८० च्या मापावर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० चांगला, ७० दुर्मीळ, ८० पिढीत थोड्यांनाच. फलंदाजाचे पाच गुण मोजतात: चेंडूला बॅट लावणं, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण, फेक. पिचरच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूला वेगळे गुण असतात आणि अचूकतेला वेगळे. अहवालात ४०/५५ असं लिहिलेलं दिसलं तर पहिला आकडा आजचा, दुसरा उद्याच्या अपेक्षेचा. या दोन आकड्यांमधलं अंतर कापणं हे संघाचं काम.

पूर्वी हे काम प्रशिक्षकाच्या नजरेवर चाले. आता चेंडू हातातून सुटताना किती फिरतो, शिवण कुठल्या दिशेला असते, बॅट किती वेगानं येते, हे सगळं रडार आणि सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारे कॅमेरे मोजतात. पिचरला नवा चेंडू हिवाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत शिकवता येतो. काहींची जागाच बदलतात. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोन वेळा मिळवणारा जेकब डीग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, आणि पुढे पिचर झालेला केनली जॅन्सन सहीनंतर कित्येक वर्षं कॅचर होता.

पण यंत्रं सगळ्यांकडे आहेत. फरक पडतो तो संघाला काय शिकवायचं आहे यानं. इथे पायरेट्सकडे परत जाऊ. गेरिट कोल पाच हंगाम पिट्सबर्गकडून खेळला. त्या काळात संघाचा आग्रह होता की पिचरनं खाली बुडणारा सिंकर टाकावा आणि जमिनीवरून जाणारे फटके काढून घ्यावेत. कोल चांगला होता, पण ज्या अपेक्षेनं घेतला तेवढा नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ह्यूस्टनला दिलं गेलं. तिथे त्याला सिंकर जवळपास सोडायला लावला, सरळ वेगवान चेंडू उंच टाकायला आणि वळणारे चेंडू वाढवायला सांगितलं. २०१९ मध्ये त्यानं ३२६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि त्या हिवाळ्यात यांकीजनं त्याला ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला. हात तोच होता, माणूस तोच होता.

कोलला दिलं त्याच वर्षी, ३१ जुलै २०१८ ला, पायरेट्सनं टँपा बेकडून पिचर क्रिस आर्चर आणला आणि बदल्यात २०११ च्या ड्राफ्टमधला ग्लासनाउ, अपेलच्या नकारातून मिळालेला मेडोज आणि शेन बाझ हा तरुण पिचर दिला. आर्चर पिट्सबर्गात चालला नाही. ग्लासनाउ टँपाला जाऊन पहिल्या फळीचा पिचर झाला, मेडोज पुढच्याच वर्षी ऑल-स्टार संघात गेला. पैसा ओतून, नीट हेरून मिळवलेली माणसं होती ही. निवड चुकली नव्हती, पुढचं काम चुकलं. संघ निवडताना लोक ड्राफ्टच्या याद्या बघतात. माझ्या मते त्यापेक्षा संघ सोडून गेल्यावर त्याच्या खेळाडूंचं काय होतं ते बघावं.

सातवा टप्पा: घड्याळं ओळखा

मुलगा तयार असूनही वर का येत नाही, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच हंगामात पडेल. त्याचं उत्तर बहुतेक वेळा या तीन घड्याळांत असतं.

पहिलं घड्याळ रूल फाइव्ह ड्राफ्टचं. अठरा किंवा त्याहून कमी वयात सही केलेल्या खेळाडूला पाच हंगाम, आणि त्याहून मोठ्याला चार हंगाम झाले की नोव्हेंबरात त्याला संघाच्या चाळीस जणांच्या मुख्य यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरात दुसरा संघ त्याला १ लाख डॉलर भरून उचलू शकतो, पण मग त्याला पूर्ण हंगाम मेजर लीगच्या सव्वीस जणांत ठेवावं लागतं. चांगल्या खेळाडूंना दडवून ठेवता येऊ नये म्हणून ही सोय. १९५४ च्या नोव्हेंबरात ब्रुकलिन डॉजर्सनं मॉन्ट्रियलच्या आपल्या मायनर लीग संघात ठेवलेला एक प्वेर्तो रिकन तरुण पायरेट्सनं असाच उचलला. तो रोबेर्तो क्लेमेंटे. पुढे अठरा हंगाम तो पिट्सबर्गसाठीच खेळला.

दुसरं घड्याळ ऑप्शनचं. चाळीसच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगामांपर्यंत मुक्तपणे खाली-वर पाठवता येतं. ते संपले की खाली पाठवण्याआधी त्याला इतर संघांपुढे ठेवावं लागतं.

तिसरं घड्याळ सेवेचं, आणि सर्वांत जास्त भांडणं यावरच होतात. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. सहा वर्षं भरली की खेळाडू मुक्त होतो. मग संघ एप्रिलमध्ये मुलाला दोन-तीन आठवडे खाली ठेवतात आणि एक जादा वर्ष मिळवतात. शिकागो कब्जनं २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला असं बोलावलं की त्याचे १७१ दिवसच भरले. त्यानं तक्रार केली आणि २०२० मध्ये तो हरला. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारात याला थोडा आळा बसला. आता वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला, निवडीनंतर दहा महिन्यांनी पिट्सबर्गात उतरला. तारखेच्या हिशेबानं त्याचं वर्ष भरलं नसतं. पण नवोदिताचा पुरस्कार त्यानंच जिंकला आणि पूर्ण वर्ष त्याच्या खात्यात जमा झालं.

आठवा टप्पा: आकडे वयाशी ताडून बघा

मायनर लीगचा कोणताही आकडा बघण्याआधी खेळाडूचं वय बघा, मग पातळी, मग मैदान. सिंगल-एमध्ये एकोणीस-वीस, हाय-एमध्ये एकवीस-बावीस, डबल-एमध्ये तेवीसच्या आसपास हे सर्वसाधारण वय धरा. चोवीस वर्षांचा कॉलेजपटू सिंगल-एमध्ये धुलाई करतोय, यात विशेष काही नाही. कॉनर ग्रिफिनला पायरेट्सनं २०२४ मध्ये मिसिसिपीच्या शाळेतून नवव्या क्रमांकावर घेतलं. २०२५ मध्ये, पहिल्याच हंगामात, तो ब्रॅडेंटन आणि ग्रीन्सबरो पार करून एकोणिसाव्या वर्षी अल्टूनात पोहोचला. तिथे त्याची सरासरी थोडी घसरली असती तरी ती बातमी मोठीच होती.

ग्रीन्सबरोचं मैदान फलंदाजांना धार्जिणं म्हणून प्रसिद्ध आहे, तिथल्या होमरनवर एकदम भाळू नका. डॉमिनिकन समर लीगच्या आकड्यांवर तर मतच बनवू नका, तिथे पिचरना स्ट्राइक टाकणंच अजून जमत नसतं. सरासरीपेक्षा फलंदाजाला चेंडू किती वेळा हुकतो आणि तो किती वेळा चार वाईट चेंडू सोडून पहिल्या बेसवर चालत जातो, हे बघा. पिचरच्या बाबतीत त्याच दोन गोष्टी उलट्या.

मधेच एखादा खेळाडू यादीतून महिनाभर गायब झाला तर घाबरू नका. अर्जुन निम्मला हा भारतीय आईवडिलांचा, फ्लोरिडात वाढलेला, लहानपणी क्रिकेट खेळलेला शॉर्टस्टॉप. टोरोंटोनं २०२३ मध्ये सतराव्या वर्षी त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं. २०२४ च्या सुरुवातीला तो सिंगल-एमध्ये चाचपडत होता. संघानं त्याला काही काळ सामन्यांतून बाजूला काढून फक्त सरावावर ठेवलं. परतल्यावर त्याची बॅट बोलू लागली.

या वर्षी सुरुवात करायची असेल तर तुमच्या संघातली तीनच नावं निवडा: एक वरच्या फेरीतला, एक छोट्या बोनसचा परदेशी मुलगा, आणि एक डबल-एमधला. तरुण खेळाडूंना क्रमांक देणाऱ्या बेसबॉल अमेरिका किंवा एमएलबी पाइपलाइनच्या याद्यांमधला क्रमांक सोडून खालचा मजकूर वाचा. अमेरिकेत असाल तर मुलांना घेऊन मायनर लीगच्या मैदानावर जा. तिकिटं स्वस्त असतात आणि सरावाच्या वेळी कुंपणापाशी खेळाडू दोन हातांवर असतात. मार्चमध्ये फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात जमलं तर मुख्य मैदान सोडून मागच्या सरावमैदानांकडे वळा. तिथे बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही. भारतातून मायनर लीगचे सामने ऑनलाइन बघता येतात. तिकडची दुपारची लढत आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहाला सुरू होते, तेव्हा पहाटे उठण्याचीही गरज नाही.